घरची माणसं चित्रात हलू लागतात तेव्हा

गेल्या अंकात मी सहज लिहिलं होतं, की घरच्या माणसांवरची उत्तम ॲनिमेशन फिल्म पाच-दहा मिनिटांत आटपते, तिला तीन तास लागत नाहीत. त्यावर पेडण्यापासून काणकोणपर्यंतची पत्रं आली. काही चक्क रागावलेली आहेत. त्यातली निवडक इथे घेते. नावं छापत नाही, कारण गोव्यात आडनाव कळलं की वाडा कळतो आणि वाडा कळला की भांडण कशावरून आहे तेही कळतं.

प्रश्न: मी चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे पपा बोटीवर इंजिन रूममध्ये होते. मी बारावीला जाईपर्यंत ते वर्षातले तीन-चार महिनेच घरी असायचे. त्यांच्यावर हातानं काढलेली दहा मिनिटांची फिल्म करायची आहे. पण लिहायला बसले की सगळा निबंध होतो: त्याग, विरह, अथांग समुद्र. (आम्ही हसायचो अशी एकच गोष्ट आठवते. पपा घरी आले तरी चहाचा कप टेबलाच्या कडेपासून आत सरकवून ठेवायचे. बोट हलते ना, म्हणून.) वर्गातला मित्र म्हणतो, एआयकडून करून घे. काय करू?
— एक मुलगी, डिचोली

उत्तर: बाय, आधी हिशेब. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. म्हणजे दहा मिनिटांना ७२००. तू रोज २० चित्रं पक्की करून रंगवलीस, तरी ३६० दिवस झाले. त्यात परीक्षा, चवथ (गणेशचतुर्थी), ताप-खोकला काहीच धरलेलं नाही. तीन मिनिटांची कर. २१६० चित्रं होतील, कॉलेज संपायच्या आत हातावेगळी होतील आणि मानही जागेवर राहील. मी मुंबईच्या स्टुडिओंत इनबिटवीनर होते. हालचालीतली मुख्य चित्रं मोठा ॲनिमेटर काढतो, त्यांच्या मधली सगळी आमच्यासारख्यांनी भरायची. तेव्हा हे मी मनगटाच्या साक्षीनं सांगते आहे.

आता विषय. तो तुला सापडलेला आहे, फक्त तू तो कंसात टाकलास. त्याग, विरह आणि समुद्र तिन्ही काढून टाक आणि कप ठेव.

'निगेटिव्ह स्पेस' नावाची २०१७ सालची स्टॉप मोशन फिल्म आहे (म्हणजे बाहुला जरा जरा हलवत एकेक फोटो काढून केलेली), जेमतेम साडेपाच मिनिटांची. मॅक्स पोर्टर आणि रू कुवाहाता या नवरा-बायकोनं ती केली, मूळ आहे रॉन कर्टगी यांची एक कविता. वडील सतत कामानिमित्त बाहेरगावी. मुलगा त्यांच्याकडून एकच गोष्ट शिकतो, ती म्हणजे बॅग कशी भरायची: कपडे कसे गुंडाळायचे, मोजे कुठल्या फटीत बसवायचे, पट्टा कडेनं कसा फिरवायचा. प्रेम आहे, आठवण येते, असं कोणी कुठे म्हणत नाही. शेवटी वडील गेल्यावर शवपेटीकडे बघताना मुलाच्या मनात काय येतं, तर केवढी जागा वाया गेली! ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेली ही गोष्ट उभी आहे बॅग भरण्यावर. तारवट्यांच्या, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या, घरात वाढलेल्या मुलीला बॅगेचं महत्त्व मी काय सांगणार. पण बॅग त्यांनी घेतली, तू कपच घे.

कप असा कर. पहिल्यांदा पपा तो आत सरकवतात, घरातले हसतात. मग पपा बोटीवर आणि टेबलावर कपच नाही. मग एक दिवस मुलगी अभ्यास करता करता स्वतःचा कप, लक्षही न देता, चार बोटं आत ढकलते. एवढंच. पण ते 'एवढंच' नीट काढायचं. सरकणाऱ्या कपात दोन गोष्टी हलतात, कप आणि चहा. कप निघतो तेव्हा चहा मागच्या काठाला चढतो, कप थांबला की तो पुढे येतो, पुन्हा मागे जातो आणि दोन-तीन हेलकाव्यांत शांत होतो. कप थांबल्यानंतरची ती दहा-बारा चित्रं काढायचा तुला कंटाळा येईल, आणि नेमकी तीच लोकांना आठवतील. घरी खरा कप घे, मोबाईल टेबलाच्या पातळीला ठेव, सरकवताना चित्रण कर आणि चौकट चौकट पुढे नेत बघ. पपांच्याच हातून सरकवून घेतलास तर उत्तम, कारण तर्जनी टेकते की अख्खा पंजा, हे मनानं ठरवता येत नाही.

समुद्र दाखवायचाच असेल तर मायकेल डुडोक द विट यांची 'फादर अँड डॉटर' बघ. २००१ चं ऑस्कर तिला मिळालं. डच प्रदेशातला बांध, सायकल, वडील होडीत बसून निघून जातात आणि मुलगी आयुष्यभर त्याच जागी येत राहते. संवाद एकही नाही. माणसं इवलीशी काढली आहेत, चेहरे जवळून दिसतच नाहीत, तरी सायकल चालवण्याच्या ढबीवरून मुलीचं वय कळतं. तुझ्या विषयाच्या आणखी जवळची म्हणजे 'इन द शॅडो ऑफ द सायप्रस', शिरीन सोहानी आणि हुसेन मोलायेमी या इराणी जोडप्याची. बाप एकेकाळचा कप्तान, डोक्यात अजून लढाई चालू, आणि समुद्रकाठच्या घरात मुलगी त्याला सांभाळते आहे. २०२५ चं ऑस्कर तिला मिळालं. व्हिसा इतका उशिरा हाती आला, की सोहळ्याच्या दिवशी, अगदी काही तास आधी, दोघं तिथं पोचली.

एआयचं म्हणशील तर त्याच्याकडे लाखो बापांची सरासरी आहे. कप आत सरकवणारा बाप हवा असेल तर तो तुलाच सांगावा लागणार. आणि वर्णन करून करून दमण्यापेक्षा काढून मोकळी हो. आणखी एक, पपांचा आवाज आताच रेकॉर्ड करून ठेव. मुलाखत नको, मुलाखतीत सगळे पुढाऱ्यासारखे बोलतात. मासे साफ करताना, मिक्सर दुरुस्त करताना जे पुटपुटतात ते घे.

प्रश्न: नातवानं मला मोबाईलवर ऑस्कर मिळालेलं एक कार्टून दाखवलं. एक चिनी बाई मोदकासारखं काही करते, तो मोदक जिवंत होतो, ती त्याला पोरासारखा वाढवते आणि शेवटी चक्क गिळून टाकते! नातू डोळे पुसत होता, मी हादरलो. आमच्या वेळी कार्टून ही करमणूक होती. हे काय चाललं आहे?
— एक आजोबा, म्हार्दोळ

उत्तर: आजोबा, तुम्ही बघितलीत ती 'बाओ', पिक्सारची २०१८ ची आठ मिनिटांची फिल्म. दिग्दर्शिका डोमी शी. चीनमध्ये जन्मली, कॅनडात टोरांटोला वाढली, आईवडिलांची एकुलती एक. पिक्सारची लघु ॲनिमेशन फिल्म दिग्दर्शित करणारी ती पहिली बाई. तिची आई तिला म्हणायची, की तुला परत माझ्या पोटात घालता आलं असतं तर बरं झालं असतं, म्हणजे तू कुठे आहेस ते मला सतत कळलं असतं. आता ते गिळणं पुन्हा बघा. पोरगं घर सोडून निघालंय, आईला अडवता येत नाही, आणि रागात, प्रेमात, एका घासात तिनं त्याला परत पोटात घातलं. लगेच तिला रडू फुटतं. आपल्याकडे बाळाचा गालगुच्चा घेत 'खाऊन टाकू का' म्हणणाऱ्या आज्या काय कमी आहेत?

त्या बाईचे हात बघितलेत का? पीठ मळणं, पारी लाटणं, चुण्या घालत तोंड मिटवणं, सगळं अगदी बरोबर आहे. कारण डोमी शीनं आपल्या आईलाच स्टुडिओत बोलावून सगळ्या टीमला ते करायला शिकवलं. तुमच्या घरात नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, कड मुरडणाऱ्या बाईला दाखवा. फिल्म आवडो न आवडो, हातांना ती पास करील.

करमणुकीचं म्हणाल तर तुमच्या वेळीसुद्धा सगळं तसं नव्हतं. दूरदर्शनवरची 'एक अनेक और एकता' आठवत असेल. फिल्म्स डिव्हिजनची, १९७४ ची. दिग्दर्शिका आपल्या विजया मुळे, चित्रं भीमसेन यांची. त्यात ताई भावंडांना गोष्ट सांगते आणि त्यातून देशाचा धडा देते. आताचे दिग्दर्शक धडा देत नाहीत एवढाच काय तो फरक, आणि मला तो सोयीचा वाटतो.

नातवाबरोबर पुढची बघायची तर 'संजयज् सुपर टीम' बघा. संजय पटेल, कॅलिफोर्नियात मोटेल चालवणाऱ्या गुजराती घरातला मुलगा. वडील देवासमोर घंटी वाजवतायत आणि पोराला टीव्हीवरचे सुपरहिरो बघायचेत. शेवटी पोराला विष्णू, दुर्गा आणि हनुमान यांचीच टीम सापडते. सात मिनिटं, २०१५. श्रेयनामावलीत खऱ्या बापलेकांचे फोटो येतात, तोवर बंद करू नका. आणि नातू थोडा मोठा झाला की अभिषेक वर्मा यांची 'माछेर झोल' बघा. मुलगा बापाच्या आवडीचा माशाचा रस्सा रांधतो, कारण आपण समलिंगी आहोत हे त्याला आज बापाला सांगायचं आहे. माशांच्या घरात वाढलेल्या माणसाला ती स्वयंपाकघरातली धडधड समजावून सांगावी लागणार नाही.

प्रश्न: आमची चित्रशाळा आहे. पणजोबांपासून गणपती करतो. मला त्याच मातीत वडिलांवर स्टॉप मोशन फिल्म करायची आहे. थोडं करून बघितलं तर बाहुल्याला तडे गेले आणि चित्र लुकलुकायला लागलं. काय चुकतंय?
— एक मुलगा, माशेल

उत्तर: तडे जाणारच रे. गणपतीची माती वाळण्यासाठीच असते. स्टॉप मोशनचा बाहुला मात्र महिनोन्‌महिने ओला राहिल्यासारखा वाकायला हवा. दिव्यांखाली तुझी चिकणमाती तासाभरात रंग बदलते, आकसते, फुटते. बाहुल्याला तेलातली माती वापर, प्लॅस्टिसिन म्हणून मिळते. ती वाळत नाही. गोव्याच्या उन्हाळ्यात ती लोण्यासारखी होते, म्हणून पंखा बाहुल्यावर नको, दिव्यांवर सोड. आत ॲल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा घाल आणि पाय खालून स्क्रूनं पाटाला आवळ, नाहीतर चालताना बाहुला कलंडेल.

लुकलुकण्याची कारणं बहुधा तीन. मोबाईलचा कॅमेरा दर फोटोला उजेड आणि रंग स्वतः ठरवतो, म्हणून फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक कर. खिडकी उघडी असेल तर बंद कर, ढग सरकला की चौकट बदलते. आणि पांढरा शर्ट घालून काम करू नकोस, तू हललास की त्याचा उजेड बाहुल्यावर हलतो. पावसाळ्यात आपली वीज डुलते हे वेगळं सांगायला नको. बॅटरीवरचा एलईडी दिवा घे.

पण चित्रशाळेची माती फेकू नकोस. बाहुल्याला नको असलेली गोष्ट, म्हणजे वाळणं, तीच दाखव. एक मूर्ती ओली असल्यापासून पांढुरकी होईपर्यंत तासातासानं फोटो घेत जा. काळपट माती कडांपासून फिकट होत आत सरकते, हे तुम्ही घरातले रोज बघता. बाहेरच्या माणसानं ते कधी बघितलेलं नाही. भिंतीशी लोकांनी नावं घालून ठेवलेले पाट असतात ना, रिकामे, गणपतीची वाट बघत? एकेका चौकटीत एकेक पाट कमी करत गेलास तर चवथीचा आदला दिवस पाच सेकंदांत उभा राहील.

ठशांचंही सांगते. वडील ओल्या ब्रशनं मूर्तीवरचा एकूण एक बोटाचा ठसा पुसत असतील, देवाच्या अंगावर माणसाचं बोट दिसता कामा नये म्हणून. ॲनिमेशनमध्ये उलटं चालतं. आर्डमन या ब्रिटिश स्टुडिओच्या वॉलेस आणि ग्रॉमिट या बाहुल्यांच्या अंगावर ठसे स्पष्ट दिसतात आणि लोकांना तेच आवडतं. मूर्ती गुळगुळीत आणि वडिलांचा बाहुला ठशांनी भरलेला, असं केलंस तर दोघांतलं नातं एक वाक्य न लिहिता दिसेल. घरची पद्धत मोडायची नसेल तर बाहुल्याचे ठसे वडिलांच्याच बोटांचे घे. मात्र श्रावणात त्यांच्या पुढ्यात कॅमेरा नेऊ नकोस. माती तुझ्यावर बसेल.

आपल्याकडचं स्टॉप मोशन बघायचं तर सुरेश एरियत यांची 'टोकरी' आहे. मुंबईतलं गरीब घर, वडिलांचं जपलेलं घड्याळ मुलीच्या हातून बिघडतं आणि दुरुस्तीच्या पैशांसाठी ती रस्त्यावर टोपल्या विकायला निघते. ६५व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्तम ॲनिमेशनचा मान हिला आणि वर सांगितलेल्या 'माछेर झोल'ला विभागून मिळाला. दोन्ही घरातल्या गोष्टी, दोन्हींत बाप. एकात बाहुले, दुसऱ्यात कागद.

प्रश्न: आमच्या वडिलोपार्जित घराची इन्व्हेंटरी (वारसांमधली वाटणी) कोर्टात आहे. चुलतभावानं त्या घरावर ॲनिमेशन फिल्म केली. त्यात एक कुर्ली (खेकडा) दारात नांग्या उगारून बसते आणि कोणालाच आत येऊ देत नाही. कुर्लीला माझ्या बाबांसारखाच चष्मा आहे. बाबा म्हणतात, केस घालतो. फिल्म चांगली आहे हेही खरं. मी कोणाची बाजू घेऊ?
— एक पुतणी-कम-मुलगी, केपे

उत्तर: पत्र वाचून मी हसले, माफ कर. केस घालू देऊ नकोस. तुमच्या घरात एक केस आहे, ती संपू दे. आणि केस घातली की आज जी फिल्म शंभर माणसांनी बघितली ती अख्खं केपे बघेल.

भावाची बाजू अशी. घरच्या माणसांना प्राण्यांचं रूप देणं ही ॲनिमेशनमधली जुनी, चांगली रीत आहे. चिलीच्या गाब्रिएल ओसोरियोनं 'बेअर स्टोरी'त अस्वलं घेतली. सर्कसवाले अस्वलाला घरातून ओढून नेतात. मुळात ती त्याच्या आजोबांची गोष्ट, १९७३ च्या लष्करी उठावानंतर तुरुंग आणि मग देशाबाहेर. २०१६ ला तिनं चिलीला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं. पण ओसोरियोनं कातडं पांघरलं ते ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या अंगावर. तुझ्या भावानं ते ज्याच्याशी भांडण आहे त्याच्यावर घातलं, आणि वर चष्मा लावला. चष्म्यानं घोटाळा केला. कुर्ली ही गोष्ट आहे, चष्मेवाली कुर्ली हा टोमणा.

आणि त्या घरात कोण राहतं? पत्रावरून दिसतं, तुझे आईबाबाच. म्हणजे दरवर्षी पावसाआधी कौलं परतायला माणूस आणतात तेही तेच. आपल्याकडे मुलगा-मुलगी सगळ्यांना समान हिस्सा, वारसांची यादी लांबलचक, कोणी मुंबईत, कोणी लिस्बनला. इन्व्हेंटरी पुरी होईपर्यंत घराला धरून कोणीतरी बसावंच लागतं. ती कुर्ली एका दृश्यात नांगीनं फुटकं कौल बदलताना दिसली असती, तर ती तितकीच हट्टी आणि दुप्पट खरी झाली असती. तेव्हा भावाला सांग: कुर्ली राहू दे, चष्मा काढ, कौल घाल. दहा सेकंदांचं काम आहे.

दोघांना शेजारी बसवून कुनिओ कातो यांची 'ला मेझाँ आं पती क्यूब' दाखव. बारा मिनिटांची, २००९ चं ऑस्कर. पाणी चढत जातं आणि म्हातारा घरावर एकेक मजला बांधत वर वर राहतो. हातातली चिलीम खाली पडते, ती आणायला तो बुडी मारतो आणि एकेका मजल्यावर त्याला आपलं आयुष्य भेटत जातं. त्यात कोणी खलनायक नाही. घर आहे, पाणी आहे आणि विटा रचणारा एक माणूस. बाबा बहुतेक म्हणतील, "हा म्हातारा म्हणजे मीच." भाऊही तेच म्हणेल. मग चहा ठेव.

प्रश्न: मुलगा ॲनिमेशन शिकायचं म्हणतो. पोट भरेल?
— एक आई, फोंडा

उत्तर: ताई, नोकरीनं भरेल: जाहिराती, गेम, सिनेमातले व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर बनवलेली दृश्यं. अशा घरगुती लघुपटांनी नाही भरत, ते पदरमोड करूनच होतात. मॅथ्यू चेरीनं 'हेअर लव्ह'साठी लोकांकडून वर्गणी काढली. वडील पहिल्यांदाच मुलीचे केस विंचरतात, त्याची फिल्म. तिला २०२० चं ऑस्कर मिळालं. मुंबईच्या जे. जे.मधून शिकलेल्या गीतांजली राव यांनी 'प्रिंटेड रेनबो' जवळपास एकटीनं रंगवली. एकटी म्हातारी, तिचं मांजर आणि काडेपेट्यांवरची चित्रं. २००६ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या क्रिटिक्स वीक विभागात तिला तीन बक्षिसं मिळाली. मुलाला आधी महिनाभर रोज घरातलं एक माणूस काम करताना काढायला सांगा, उभं राहून पोज देताना नाही. महिना टिकला तर फी भरा.

प्रश्न: आमची फिल्म तयार आहे. इफ्फीत (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात) दाखवता येईल का? आधी यूट्यूबवर टाकली तर चालेल?
— तिघे मित्र, म्हापसा

उत्तर: यूट्यूबवर आत्ता टाकू नका. बरेच महोत्सव आधी इंटरनेटवर आलेली फिल्म घेत नाहीत. इफ्फी २००४ पासून पणजीत मुक्कामाला आहे, म्हणून आपल्याला वाटतं ती घरचीच जत्रा. पण तिथल्या इंडियन पॅनोरमाच्या, म्हणजे भारतीय फिल्मांच्या, नॉन-फीचर विभागात देशभरातून अर्ज येतात, तेव्हा मुंबईच्या मिफ या माहितीपट-लघुपटांच्या महोत्सवालाही पाठवा. तिथं ॲनिमेशनला वेगळा मान आहे. इंग्रजी उपशीर्षकं घाला आणि ती घरातल्याच कोणाकडून नको, बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या. फ्रान्समधल्या ॲनेसीचं नाव सगळे घेतात, १९६० पासूनचा महोत्सव आहे तो. पाठवायला हरकत नाही. शेवटच्या तारखा मात्र तुमच्या तुम्ही बघा, मला विचारू नका. मला विजेच्या बिलाची तारीखसुद्धा शेजारीण सांगते.